खडीक्रशरसाठी स्फोटकांचे कोठार: जागा, बांधकाम आणि रोजची निगा

साक्री तालुक्यातील एका दगडखाण व खडीक्रशर चालकाने विचारले आहे की, सुरुंगाच्या स्फोटकांसाठी त्यांना स्वतःचे कोठार, म्हणजे मॅगझिन, उभारायचे असून त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत: खाणीपलीकडचा खडकाळ माळ, पांझरेच्या बाजूचे काळ्या मातीचे शेत, आणि गावालगतच्या मळ्यातली जुनी, जाड भिंतींची दगडी खोली. यांपैकी कोणती जागा धरावी, बांधकाम कसे करावे आणि परवाना हाती आल्यावर काय सांभाळावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मळ्यातली खोली आजच मनातून काढून टाकावी. भिंत जाड आहे, दाराला भक्कम कुलूप आहे, म्हणून माल सुरक्षित आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोठाराची भिंत मुख्यतः चोरापासून, पावसापासून आणि बाहेरच्या आगीपासून आतल्या मालाचे रक्षण करते. आतला माल उडाला तर बाहेरच्या माणसाचे रक्षण ती भिंत करत नाही. ते काम फक्त अंतर करते. १२ सप्टेंबर २०१५ रोजी मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात पेटलावद येथे भरवस्तीत, उपाहारगृहाला लागून असलेल्या जागेत ठेवलेल्या खाणकामाच्या जिलेटिन कांड्यांचा स्फोट झाला आणि सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तिथे उडालेली स्फोटके आपल्याकडच्या विहिरींवर आणि खाणींत रोज वापरली जातात त्याच जातीची होती. माल असाधारण नव्हता. जागा चुकीची होती आणि आजूबाजूला माणसे होती. आधी झालेल्या लहान दुर्घटनेने लोक तिथे जमले आणि मोठा स्फोट त्या गर्दीला भोवला, हेही विसरू नये. स्फोटकांच्या कोठाराला आग लागली तर ती विझवायला धावायचे नसते, सगळ्यांना दूर न्यायचे असते, हे आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे, याचा विचार करावा.

उरलेल्या दोन जागांची तुलना करण्याआधी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: आपल्याला कोठाराची खरोखर गरज आहे का? आठवड्यातून एखाद्या वेळी सुरुंग लावणाऱ्या लहान खाणीला परवानाधारक पुरवठादाराकडून स्फोटक-वाहनाने सकाळी माल मागवून त्याच दिवशी तो संपवणे आणि उरलेला माल त्याच वाहनातून परत पाठवणे हा मार्ग पुष्कळदा पुरेसा असतो. ज्याच्याकडे साठाच नाही त्याला चौकीदार, नोंदवह्या, आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजवाहकाची चाचणी आणि सुरक्षा-अंतर यांपैकी काहीच सांभाळावे लागत नाही. स्वतःचे कोठार असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते, हे मी खानदेशात अनेक ठिकाणी पाहिले आहे, आणि ती समजूत मला काळजीची वाटते. कामाचा वेग, पुरवठादाराचे अंतर आणि पावसाळ्यातले रस्ते पाहून साठा अपरिहार्य ठरत असेल तरच पुढे जावे.

पुढे जायचे ठरले तर पहिला निर्णय जागेचा नसून साठ्याचा असतो. एका सुरुंगाला किती माल लागतो, दोन पुरवठ्यांमध्ये किती दिवस जातात, एवढ्यावरून लागणारा कमाल साठा काढावा आणि परवाना तेवढ्याचाच मागावा. परवान्यात मोठा आकडा असलेला बरा, पुढे उपयोगी पडेल, असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नये, कारण साठ्याचा आकडा जितका मोठा तितके मोठे मोकळे वर्तुळ आपल्याला वर्षानुवर्षे राखावे लागते.

या वर्तुळाचे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे. स्फोटाचा दाब अंतराबरोबर कसा घटतो याचा नियम हॉपकिन्सन आणि क्रान्झ यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याचे सार असे की समान परिणामाचे अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमूळाच्या प्रमाणात बदलते. वजन आठपट झाले तर अंतर दुप्पट लागते. वजन दुप्पट झाले तर अंतर सुमारे सव्वापट लागते. हे ऐकून अनेकांना मोठा साठा स्वस्तात पडतो असे वाटते. खरी गोम उलट्या बाजूला आहे. समजा, आज नियमानुसार आपले अंतर बरोबर आहे आणि पाच वर्षांनी कुणीतरी त्या अंतराच्या निम्म्यावर घर बांधले, तर साठा निम्मा करून भागत नाही. तो आठव्या हिश्श्यावर आणावा लागतो. २,००० किलोच्या कोठारात मग २५० किलो, म्हणजे २५ किलोची दहा खोकी ठेवता येतील. बांधकामावर केलेला खर्च त्या दिवशी जवळजवळ वाया जातो. नियमांतले तक्ते याच घनमूळाच्या तत्त्वाच्या आसपास बसवलेले असतात. मात्र कमी वजनाला उडणाऱ्या तुकड्यांचा विचार वरचढ ठरतो, म्हणून नेमके अंतर सूत्राने न काढता तक्त्यातूनच घ्यावे.

आपल्याकडे स्फोटक अधिनियम १८८४ चा असून सध्या त्याखालील स्फोटक नियम २००८ लागू आहेत, आणि परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे. सुरक्षा-अंतरासाठी या नियमांत एक्स, वाय, झेड आणि झेडझेड असे गट आहेत. ज्यांत सगळा माल एकाच वेळी उडण्याचा धोका असतो ते झेड आणि झेडझेड गट सर्वांत कडक. शिवाय अंतरे दोन प्रकारची असतात: आपल्याच आवारातल्या दोन स्फोटक-इमारतींमधले आतले अंतर, आणि घरे, शाळा, देवळे, बाजार, सार्वजनिक रस्ते, रेल्वे, धरणे, उच्चदाब वाहिन्या अशा संरक्षित बांधकामांपासूनचे बाहेरचे अंतर. आतले अंतर एका कोठाराचा स्फोट दुसऱ्यात पसरू नये म्हणून असते. बाहेरचे अंतर माणसांसाठी असते, आणि त्यात आपल्या सोयीने फूटपट्टी धरणे हा माझ्या मते या धंद्यातला सर्वांत गंभीर गुन्हा आहे.

साक्री तालुक्यात अंतर मोजताना केवळ पक्की घरे मोजून चालत नाही. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांमुळे या भागात वीजवाहिन्यांचे आणि त्यांच्या देखभालीच्या रस्त्यांचे जाळे झाले आहे. सौर प्रकल्पही आले आहेत. पावसाळा सरला की मेंढपाळांचे वाडे माळावर उतरतात. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या खोपट्या रानात उभ्या राहतात. चैत्रात सप्तशृंगीला निघालेले पायी यात्रेकरू पाणी आणि सावली पाहून रस्त्याकडेला मुक्काम करतात. तलाठ्याकडच्या नकाशावर यांपैकी काही दिसत नाही. म्हणून जागा पक्की करण्यापूर्वी ती वर्षाच्या वेगवेगळ्या हंगामांत पाहावी, निदान गावातल्या जाणत्यांना विचारून घ्यावे की इथे कोण, कधी, किती दिवस थांबते.

आता दोन जागा. खडकाळ माळावर पाया भक्कम मिळतो, पाणी साचत नाही, वस्ती दूर आहे आणि खाण जवळ आहे. मात्र खाण फार जवळ असेल तर सुरुंगाचा उडालेला दगड कोठारावर येऊ शकतो. म्हणून खाणीचे तोंड पुढे कोणत्या दिशेला सरकणार आहे हे खाण-नकाशावर पाहून कोठार त्याच्या विरुद्ध अंगाला, मध्ये टेकाड येईल असे धरावे. माळाची दुसरी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही: बेसाल्टचा उघडा खडक उन्हाळ्यात इतका कोरडा होतो की वीजवाहकाची भूसंपर्कन क्षमता, म्हणजे अर्थिंग, ढासळते. वीजवाहकाचा जमिनीशी रोध १० ओहमच्या वर जाऊ नये. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत घेतलेले माप उत्तम येते, प्रमाणपत्र फायलीला लागते, आणि वळवाच्या विजा तर मे-जूनमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना पडतात. भूसंपर्काची चाचणी दरवर्षी करायचीच आहे, तर ती मे महिन्यात करावी, असा माझा आग्रह आहे. खडकावर एका खड्ड्याने भागत नसेल तर एकापेक्षा जास्त खड्डे घेऊन ते जोडावेत, किंवा वाहकपट्टी जवळच्या नाल्याकाठच्या मातीपर्यंत न्यावी. लोखंडी दार, झरोक्यांच्या जाळ्या आणि कुंपण हेही भूसंपर्काला जोडलेले असावे.

काळ्या मातीचे शेत नेमके याच्या उलट. भूसंपर्क छान मिळतो, पण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. उथळ पायावरच्या भिंती तडकतात, ओल आत शिरते, आणि सर्वांत वाईट म्हणजे दाराची चौकट तिरकी होऊन दार अडकते. अडकलेले दार माणूस पहारीने उघडायला जातो. लोखंडावर लोखंड आपटण्याची क्रिया कोठाराच्या उंबऱ्यावर घडू नये, एवढ्या एका कारणासाठी मी काळ्या जमिनीवर कोठार टाळतो. टाळता येत नसेल तर माती मुरूम लागेपर्यंत काढून पाया मुरमावर घ्यावा. शिवाय नदीकडचे शेत आज मोकळे असले तरी पाणी असलेल्या जमिनीवर मळे वाढतात, मळ्यात घरे येतात. माळावरची बरड जमीन तशीच पडून राहण्याचा संभव अधिक. या सगळ्याचा विचार करता, तक्त्यातली अंतरे बसत असतील तर मी माळ निवडेन.

बांधकामाबद्दल पहिली सूचना खानदेशात पटवून द्यायला अवघड जाते, कारण इथे काळा दगड स्वस्त आणि हाताशी असतो, आपल्याकडे तर स्वतःची खाणच आहे. तरीही कोठाराच्या भिंती घडीव किंवा अनगड दगडाच्या करू नयेत. स्फोट झाला तर त्यातला प्रत्येक दगड प्रक्षेपास्त्र होतो. विटांचे किंवा मंजूर आराखड्यातले काँक्रीटचे बांधकाम करावे, आणि आराखडा आधी पेसोकडून मंजूर करून घेऊन मगच पायाला हात लावावा. आधी बांधून नंतर मंजुरी मागणाऱ्यांना पाडापाडी करावी लागलेली मी पाहिली आहे. फरशी गुळगुळीत, खडी वर न आलेली असावी. आतून खिळा, बिजागरी, कडी अशी कोणतीही उघडी लोखंडी वस्तू घासली जाईल अशी राहू नये; तिथे पितळ किंवा तांबे वापरावे. दार बाहेर उघडणारे, आतून लाकडाचे अस्तर असलेले, दोन कुलपांचे असावे. झरोके सरळ आरपार नसावेत, वळणाचे आणि जाळीचे असावेत, म्हणजे वारा जाईल पण बाहेरून काडी किंवा ठिणगी आत जाणार नाही. विजेची तार आत नेऊ नये. काम दिवसाउजेडी करावे.

कोठाराभोवतीच्या मातीच्या बांधाबद्दलही गैरसमज आहेत. बांध आडवे उडणारे वेगवान तुकडे अडवतो आणि शेजारच्या कोठाराला वाचवतो. स्फोटाची दाबलहर मात्र बांधावरून पलीकडे जाऊन पुन्हा जुळते. म्हणून बांध घातला की गावापासूनचे अंतर मनाने कमी करता येते असे कुणी समजू नये. बांध बिनदगडी मातीचा हवा, खाणीतला चुरा आणि डबर टाकून केलेला नको. दोन पावसाळ्यांत त्याची उंची झिजते, म्हणून दर दिवाळीनंतर माथा मोजून भर घालावी आणि उतारावर हरळी लावावी. ती उन्हाळ्यात वाळली की लगेच कापावी.

डिटोनेटर, म्हणजे सुरुंग उडवणारी छोटी स्फोटक नळी, आणि इतर स्फोटके एका खोलीत कधीही, एका रात्रीसाठीही, ठेवू नयेत. डिटोनेटरसाठी मंजूर आराखड्यातला वेगळा कक्ष किंवा वेगळे कोठार असते. एका स्वतंत्र डिटोनेटरच्या स्फोटाने बोटे जातात. तोच जिलेटिनच्या थप्पीत उडाला तर काय होते हे सांगण्याची गरज नाही. जुन्या साध्या इलेक्ट्रिक डिटोनेटरांवर १ एप्रिल २०२५ पासून बंदी आहे, तेव्हा एखाद्या कोपऱ्यात त्यांची पेटी शिल्लक असेल तर ती लपवू नये, पेसोला कळवून तिची विल्हेवाट लावून घ्यावी.

आपल्या उन्हाबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बहुतेक मार्गदर्शनात हा भाग येत नाही. तापीखोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पहाटे बराच खाली येतो. आजची बहुतेक व्यापारी स्फोटके अमोनियम नायट्रेटवर आधारलेली आहेत. नायट्रोग्लिसरीनवर आधारलेली खाणकामाची स्फोटके २००४ पासून आपल्याकडे बंद आहेत. अमोनियम नायट्रेटची स्फटिकरचना सुमारे ३२ अंश सेल्सिअसला बदलते आणि त्याबरोबर आकारमानही बदलते. खानदेशच्या उन्हाळ्यात तापमान ही रेषा जवळजवळ रोज दोनदा ओलांडते, त्यामुळे दाणेदार मालाचा भुगा होतो किंवा ढेकळे बनतात, आणि इमल्शनच्या कांड्या वारंवार तापून-थंड होऊन कडक पडतात, त्यांतून द्रव सुटतो. असा माल सुरुंगात नीट उडत नाही. न उडालेला सुरुंग, म्हणजे मिसफायर, हा खाणीतला सर्वांत घातक शेजारी. पुढच्या पाळीतला माणूस त्यावर ड्रिल लावतो. म्हणजे कोठारातल्या उन्हाची किंमत कोठारात नाही, खाणीच्या तोंडाशी मोजली जाते. उपाय साधे आहेत: छतावर पांढरा चुना किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, दोन्ही बाजूंनी झरोके, थप्पी भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी पाटांवर, आतमध्ये कमाल-किमान तापमापक आणि त्याची रोजची नोंद. सावलीसाठी झाड मात्र लावू नये. झाड पालापाचोळा देते आणि वीज ओढते.

जुना माल आधी बाहेर पडावा अशी थप्पीची रचना करावी आणि प्रत्येक खोक्यावरची निर्मिती-तारीख वाचता येईल असा चेहरा बाहेर ठेवावा. मुदत संपलेला, गळणारा, डागाळलेला माल वेगळा करून पेसोला कळवावा. तो स्वतः जाळण्याचा, पुरण्याचा किंवा विहिरीत टाकण्याचा प्रयत्न करू नये. दुर्लक्षित माल काय करतो याची दोन उदाहरणे जगासमोर आहेत. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात भर उन्हाळ्यात आग लागून स्फोट झाले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेले सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले आणि शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला.

आगीचा धोका आपल्याकडे बहुधा बाहेरून येतो. गव्हाची कापणी झाली की धसकटे जाळतात, कपाशी संपली की पऱ्हाट्या पेटवतात, आणि फेब्रुवारीपासून माळावरचे गवत ठिणगीची वाट पाहत असते. कोठाराभोवती किमान १५ मीटर पट्टा गवत, काटक्या आणि कागद यांपासून मोकळा ठेवावा. मी तर कुंपणाबाहेरही नांगराचा एक पट्टा काढायला सांगतो. शेजारच्या शेतकऱ्यांना हंगामापूर्वी भेटून, जाळण्याआधी निरोप द्या, असे हात जोडून सांगावे. हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसले तरी प्रत्यक्षात सर्वांत जास्त उपयोगी पडते.

रोजच्या व्यवहारात मला सर्वाधिक भीती वाटते ती संध्याकाळी उरलेल्या मालाची. सुरुंग भरून झाला, चार कांड्या आणि दोन डिटोनेटर उरले, कोठाराची किल्ली असलेला माणूस घरी गेला, म्हणून तो माल क्रशरच्या ऑफिसात, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा मुकादमाच्या घरी राहतो. मंजूर कोठार, कुंपण, चौकीदार, सगळे असूनही त्या रात्री गावात एक बिनपरवाना कोठार तयार होते. अशाच कांड्या पुढे गिरणा-तापीत मासे मारायला जातात आणि कुणाचा तरी हात नेतात. म्हणून बाहेर काढलेला, वापरलेला आणि परत आलेला माल यांचा मेळ त्याच दिवशी, उजेडात, परवानाधारक सुरुंगचालक आणि कोठारपाल या दोघांच्या सह्यांनी लागला पाहिजे. मेळ लागेपर्यंत कुणी घरी जाऊ नये. दोन कुलपांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असाव्यात. एक कांडी जरी कमी भरली तरी पोलीस ठाण्याला आणि पेसोला ताबडतोब कळवावे. उद्या सापडेल, म्हणून थांबणारे मालक माझ्या परिचयाचे आहेत, आणि त्यांची बेचैनी मी जवळून पाहिली आहे.

बाकी शिस्त थोडक्यात: मोबाइल, काडेपेटी, लायटर, लोखंडी टाचांचे बूट कुंपणाच्या दाराशीच ठेवावेत, खोकी कोठाराच्या आत न फोडता बाहेर ठरवलेल्या जागी लाकडी किंवा पितळी हत्याराने उघडावीत, आत कामापुरती दोन-तीनच माणसे असावीत, माल उतरवणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्यातच करावे, आणि सातपुड्यावर किंवा सह्याद्रीच्या अंगाला वीज चमकताना दिसली की कोठार बंद करून सगळ्यांनी दूर जावे, वाहन अर्धे उतरवलेले असले तरी. चौकीदाराला पुरेसा पगार, पाळीची सुट्टी आणि फोन ठेवण्याची सुरक्षित जागा द्यावी; त्याची चौकी कोठाराला चिकटून नसावी. चोवीस तासांची राखण कागदावर तीन माणसांची आणि प्रत्यक्षात एका म्हाताऱ्याची असते, हे चित्र बदलले पाहिजे.

आता आपल्या पुढच्या पावलाबद्दल. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी पोलीस, महसूल आणि ग्रामपंचायत यांच्याकडे चौकशी जाईल. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून माळाची मोजणी करून घ्यावी, कोठाराचा मध्यबिंदू जमिनीवर खूण करून त्याभोवती आपल्या साठ्याला लागणारे वर्तुळ गावनकाशावर काढावे आणि त्या वर्तुळात कोणाकोणाचे गट येतात ते पाहावे. शक्य असेल तितकी जमीन विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घ्यावी. जी घेता येणार नाही, तिच्या मालकांना ग्रामसभेत नकाशा दाखवून इथे काय येणार आहे ते स्पष्ट सांगावे. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरपूरजवळ वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटानंतर धुळे जिल्ह्यातले लोक असे प्रश्न विचारतात आणि त्यांना ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या नकाशाची प्रत ग्रामपंचायतीत कायम लावून ठेवावी आणि दर वर्षी मे महिन्यात, भूसंपर्काच्या चाचणीच्याच दिवशी, वर्तुळाच्या कडेने स्वतः चालून नवे खोपटे, नवी विहीर, नवा खांब किंवा नवी पायवाट दिसते का ते पाहून नोंदवहीत लिहावे. नवे बांधकाम दिसले तर साठा त्याच आठवड्यात कमी करून पेसोला कळवावे.